आठवीतला क्ष

अमेरिकेत मूल पाचवी-सहावीत गेलं की घरातली भाषा बदलते. तोवर ‘गृहपाठ झाला का?’ एवढ्यावर भागत असतं. आता ‘कुठल्या पाथवेत आहे?’ हा प्रश्न येतो. फ्रीमाँट काय किंवा एडिसन काय, मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली की दोन आया एकमेकींच्या साड्यांचं कौतुक उरकतात आणि मुद्द्यावर येतात. तुमची कॉम्पॅक्टेडमध्ये गेली का? आमच्याकडे सहावीतच सातवी-आठवीचं सुरू केलंय. तिसरी आई नुसतंच हसते, म्हणजे तिचा मुलगा दोन वर्षं पुढे आहे. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले निवृत्त आजोबा मध्येच ‘पण त्याला गणित येतं ना?’ असं विचारतात आणि सगळे क्षणभर गप्प होतात. प्रश्न चुकीचा नसतो, पण चालू चर्चेशी त्याचा फारसा संबंध नसतो.

या घोळाचं मूळ एका साध्या वजाबाकीत आहे. तिकडे हायस्कूलची वर्षं चार, नववी ते बारावी. गणिताचा नेहमीचा क्रम असा की नववीत अल्जिब्रा वन, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस. शाळा संपली आणि कॅल्क्युलस राहूनच गेलं. कॅल्क्युलसवाचून नामांकित कॉलेजात डाळ शिजत नाही असा पालकांचा ठाम समज आहे, आणि कॉलेजंही तो फार जोर लावून खोडून काढत नाहीत. विषय पाच आणि वर्षं चार. तेव्हा एक विषय आठवीत ढकलायलाच हवा. आठवीत अल्जिब्रा हवं तर तीन वर्षांचं गणित सहावी-सातवीत कोंबायला हवं. त्यासाठी पाचवीच्या अखेरीला निवडचाचणी, चाचणीसाठी चौथीत तयारी, आणि चौथीत तयारी करणाऱ्यांच्या पुढे राहायचं म्हणून तिसरीत क्लास. सतराव्या वर्षी यायच्या कॅल्क्युलसची काळजी अशी आठव्या वर्षीच सुरू होते. मुलाला तोवर भागाकारही आलेला नसतो, त्यामुळे काळजी करण्याचं काम आईवडिलांना करावं लागतं.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला यात हसण्यासारखं बरंच दिसेल. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात समीकरणं येतात, आठवीत विस्तारसूत्रं आणि बैजिक राशींचे अवयव, आणि ती सगळ्यांना असतात, कोथरूडच्या मुलीला आणि गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतल्या मुलालाही. आठवीत बीजगणित शिकतो म्हणून आपल्याकडे कुणी कुणाला पेढे वाटलेले नाहीत. सगळ्यांना सारखंच मिळतं, त्यामुळे भांडण नाही. सगळ्यांना सारखंच कळत नाही, पण त्यावरून भांडायची आपल्याकडे पद्धत नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. पुस्तक विस्तारसूत्रांवर पोचलेलं, मूल भागाकारापाशी थांबलेलं, आणि दोघांची गाठ घालून देणं कुणाच्याच वेळापत्रकात नाही. ज्यांना पुढे पळायचं ते ‘सहावीपासून आयआयटी फाउंडेशन’च्या पाटीखाली जातात. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये काढली. पाट्यांनी ती वाचलेली दिसत नाहीत. आपली शर्यत शाळेबाहेर लागते आणि तिकडची शाळेच्या आत, एवढाच फरक. म्हणून तिकडची दिसते, मोजता येते, आणि तिच्यावर मतदानही घेता येतं. ते त्यांनी घेतलंही, पण तिथे पोचण्याआधी कॅलिफोर्नियातून जावं लागेल.

आठवीच्या बीजगणिताला अमेरिकेत नागरी हक्कांचा इतिहास आहे. रॉबर्ट मोझेस हा साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करताना मार खाल्लेला कार्यकर्ता. त्यानं १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याचं म्हणणं असं, की कॉलेजकडे जाणारा गणिताचा रस्ता आठवीत फुटतो आणि गरीब, कृष्णवर्णीय मुलांना तिथेच दुसरीकडे वळवलं जातं, म्हणून बीजगणित मिळणं हासुद्धा हक्कच. मुद्दा बिनतोड होता. पण एखादी गोष्ट चांगली आहे हे सरकारला पटलं की ती सक्तीची केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कॅलिफोर्नियानं १९९७ च्या अभ्यासक्रमात अल्जिब्रा आठवीत आणलं आणि ते न शिकवणाऱ्या शाळांचे गुण कापायला सुरुवात केली. २००८ मध्ये तर राज्याच्या शिक्षण मंडळानं आठवीच्या सरसकट सगळ्या मुलांची परीक्षा अल्जिब्राचीच घ्यायची असं ठरवलं. ते न्यायालयानं अडवलं. तरीही आठवीत अल्जिब्रा घेणारी मुलं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सहातलं एक होती, ती २०१३ पर्यंत तिनातली दोन झाली. कागदावर पाहिलं तर गणिताची क्रांतीच.

कागदाबाहेर काय झालं ते २००८ मध्येच ब्रुकिंग्ज संस्थेच्या टॉम लव्हलेस यांनी देशभराच्या आकड्यांवरून दाखवलं होतं. आठवीत पुढच्या गणिताला बसवलेल्या मुलांपैकी सुमारे १,२०,००० मुलं अशी होती, ज्यांचं गणित साधारण दुसरीच्या पातळीवर होतं. क्ष शोधायला बसवलेल्या या मुलांना आधी नऊ साते किती हे शोधावं लागत होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग या शालेय जिल्ह्यानं २००२ च्या सुमारास अशीच मुलं वर ढकलली, तेव्हा ड्यूक विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांना दिसलं की मध्यम आणि त्याखालची मुलं अल्जिब्रात तर मागे पडलीच, पुढच्या जॉमेट्रीतही पडली. म्हणजे वेग वाढवून अंतर वाढलं. कॅलिफोर्नियाची आणखी एक गंमत अशी, की आठवीत अल्जिब्रा नीट पास झालेल्या कित्येक मुलांना नववीत पुन्हा तोच विषय घ्यायला लावत, आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा भरणा असे. पुढच्या वर्गात कुणी बसायचं हे गुणांसारख्या वस्तुनिष्ठ निकषांवर ठरवा, असं सांगणारा कायदा राज्याला २०१५ मध्ये करावा लागला. गुण पाहून वर्ग ठरवावा, याला कायदा लागतो म्हटल्यावर तोवर कशावरून ठरवत होते हे विचारायची गरज उरत नाही.

सगळ्यांना देऊन जमलं नाही, तर कुणालाच देऊ नये, असं सॅन फ्रान्सिस्कोनं ठरवलं. २०१४ पासून तिथल्या सरकारी शाळांतून आठवीचं अल्जिब्रा गेलं. हुशार-ढ असे वर्ग नकोत, सगळ्यांनी नववीत एकत्र शिकावं, आणि कॅल्क्युलस हवंच असेल तर अकरावीत अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस एकाच वर्षात दाबून घ्यावं. हेतूत खोट काढता येणार नाही. काही वर्षांनी तिथल्या शालेय जिल्ह्यानं जाहीर केलं की अल्जिब्रा पुन्हा घ्यावं लागणाऱ्या मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ वर आलं. खोदून पाहणाऱ्या पालकांच्या लक्षात आलं की पूर्वी पुढे जायला एक परीक्षा पास व्हावी लागे, ती मधल्या काळात बंद झाली होती. परीक्षा काढली की नापासांचं प्रमाण घटतं, हा शोध आपल्यालाही आठवीपर्यंतच्या ढकलगाडीच्या काळात लागलेला आहे, त्यामुळे त्याचं श्रेय एकट्या सॅन फ्रान्सिस्कोला देता येणार नाही.

पालकांचं काय झालं, हे तर कुणीही आधीच सांगितलं असतं. पैसेवाल्यांनी आठवीतल्या मुलासाठी खासगी ऑनलाइन अल्जिब्रा घेतलं, कुणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉमेट्री उरकली, कुणी दहावीत एकाच वर्षी दोन गणितं घेतली, कुणी खासगी शाळा गाठली. जिना काढून टाकला म्हणून वर जाणारे थांबले नाहीत. ज्यांना परवडत होतं त्यांनी शिडी विकत आणली. स्टॅनफर्डच्या थॉमस डी आणि एलिझाबेथ हफकर यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला. बारावीच्या ‘एपी’, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, गणिताला बसणारी मुलं सुरुवातीला सुमारे १५ टक्क्यांनी घटली, मग दाबून घेतलेल्या त्या वर्षामुळे थोडी भरून निघाली, आणि ज्या वांशिक दरीसाठी हा सगळा खटाटोप केला ती होती तिथेच राहिली. अखेर ५ मार्च २०२४ ला शहराच्या मतपत्रिकेवर आठवीचं अल्जिब्रा आलं. सुमारे ८२ टक्के लोकांनी ‘परत आणा’ म्हणून सांगितलं. हा कौल कुणावर बंधनकारक नव्हता, आणि शाळा मंडळानं काही आठवडे आधीच ते परत आणायचं ठरवलं होतं. आठवीच्या वेळापत्रकासाठी अख्खं शहर मतदान केंद्रावर गेलं, आणि गेलं तेही निकाल लागल्यावर. लोकशाहीत असा उत्साह क्वचित दिसतो. मोझेसच्या केंब्रिजची कथा तर आणखी बोलकी. ज्या गावात अल्जिब्रा हा हक्क म्हणून जन्माला आला, ज्या गावात हार्वर्ड आणि एमआयटी आहेत, त्या गावानंही २०१७ ते २०१९ च्या दरम्यान मधल्या शाळांतलं प्रगत गणित बंद केलं आणि मग ओरड झाल्यावर आठवीत सगळ्यांना अल्जिब्रा देण्याचं वचन दिलं. कुणालाच नाही यावरून थेट सगळ्यांना. मध्ये कुठे थांबता येतं, हे या वादात कुणाला आठवतच नाही.

आमच्या मते सगळं दुखणं इथेच आहे. ‘सगळ्यांना’ आणि ‘कुणालाच नाही’ या दोन्ही धोरणांचा मोठा गुण हा, की त्यांत मुलाकडे पाहावं लागत नाही. जाहीरनामा लिहायला सोपा, परिपत्रकाला दोन ओळी पुरे. त्याउलट या मुलीला भागाकार पक्का येतो का, अपूर्णांकांत ती कुठे अडखळते, पुढचं झेपेल का, हे बघायचं तर दरवर्षी, प्रत्येक मुलासाठी बघावं लागतं आणि त्याची घोषणा होत नाही. ज्या शाळा बघतात, त्यांतही बहुतेक ठिकाणी बघायचं काम शिक्षकाची शिफारस आणि पालकाची विनंती या दोघांवर सोपवलेलं असतं. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या आठवीच्या सुमारे ८० टक्के मुलांच्या शाळेत अल्जिब्रा उपलब्ध होतं आणि घेत होती २४ टक्के. मधल्या अंतरात तयारी नसलेली मुलं आहेतच, पण तयारी असून ज्यांच्यासाठी कुणी विनंती केली नाही तीही आहेत. नॉर्थ कॅरोलायनात २०१७ साली तिथल्या वृत्तपत्रांनी नोंदी तपासल्या, तेव्हा वरच्या श्रेणीचे तेच गुण असलेल्या मुलांपैकी गरीब घरातली मुलं प्रगत वर्गातून जास्त गळत होती, असं निघालं. गरीब आई रात्रपाळी करते. मुख्याध्यापकांना चार परिच्छेदांचा ईमेल लिहायला तिला वेळ नसतो, आणि असा ईमेल लिहायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

नॉर्थ कॅरोलायनानं २०१८ मध्ये जो कायदा केला तो इतका नीरस आहे की त्यावरून कुणी मोर्चा काढणार नाही. तिसरीपासून पुढे राज्य परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळाली, की मूल पुढच्या वर्षी आपोआप प्रगत गणितात. शिफारस नको, विनंती नको. डॅलसच्या शाळांनी २०१९ च्या सुमारास हीच उलटी रीत धरली, आणि टेक्ससनं २०२३ मध्ये ती राज्यभर लावली. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं प्रत्येक मूल सहावीत प्रगत वर्गात जाईल, नको असेल तर पालकांनी लेखी कळवावं. शार्लटमध्ये न येणाऱ्याला ढकललं होतं, सॅन फ्रान्सिस्कोत येणाऱ्याला अडवलं होतं. इथे येणाऱ्यालाच, आणि न मागता, पुढे नेलं. खेड्यातल्या ज्या शाळेत अल्जिब्रा शिकवायला शिक्षकच नाही तिथे कायदाही हात टेकतो, हे खरं. पण तिथे निदान अडचण शिक्षकाची आहे हे उघड होतं, मुलाच्या कुवतीवर ढकलता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो चाचणीवरच, आणि तो लेचापेचा नाही. गुण काय आभाळातून पडतात? ओसाकातल्या तोरू कुमोन या गणिताच्या शिक्षकानं १९५४ मध्ये दुसरीतल्या आपल्या मुलासाठी हातानं सरावाचे कागद लिहायला घेतले. त्या कागदांचा आज जगभर धंदा आहे. बोस्टनजवळ न्यूटनमध्ये १९९७ ला निघालेलं ‘रशियन स्कूल ऑफ मॅथेमॅटिक्स’ आता अमेरिकेभर पसरलंय, आणि त्याच्या पार्किंगमध्ये मराठी ऐकू आली तर दचकू नये. मग चाचणी मोजते काय, मुलाची तयारी की आईची गाडी? दोन्ही, असं प्रामाणिक उत्तर आहे. कागद घोटून आलेल्या मुलासमोर ३क्ष + ५ = २० ठेवा. तो पाच पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो, तिनानं भागतो आणि पेन्सिल खाली ठेवायच्या आत ‘पाच’ म्हणतो. आता त्यालाच सांगा, तीन सारख्या पाकिटांत सारख्याच गोट्या आहेत, बाहेर पाच सुट्या, सगळ्या मिळून वीस; एका पाकिटात किती? बऱ्याचदा मूल वर बघतं आणि विचारतं, ‘यात क्ष कुठाय?’ शेजारची क्लास न लावलेली मुलगी मात्र सुट्या पाच बाजूला काढते, उरलेल्यांचे तीन वाटे करते आणि तिला आपण बीजगणित केलं याचा पत्ताही नसतो. तेव्हा चाचणीत गोट्यांचेही प्रश्न हवेत, याबद्दल वाद नाही. पण वाईट चाचणीला पर्याय म्हणून शिफारशीकडे परत जाणं म्हणजे गढूळ पाणी नको म्हणून नळच बंद करणं. चाचणी निदान शाळेच्या वेळेत, सगळ्यांना, फुकट होते. ईमेल लिहिणारी आई सगळ्यांना मिळत नाही.

दुसरा आक्षेप बालपणाचा. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्यात २०१५ साली शाळाप्रमुखांनी मुलांवरचा ताण कमी करायचं ठरवलं आणि इतर बऱ्याच गोष्टींबरोबर चौथी-पाचवीचं प्रगत गणित बंद केलं. जिल्ह्यातली जवळपास दोन-तृतीयांश मुलं आशियाई वंशाची, त्यांत भारतीय भरपूर. सभा झाल्या, अर्ज फिरले आणि पालकांत साधारण वंशानुसार दोन तट पडले. एका तटाला मुलांच्या झोपेची काळजी, दुसऱ्याला आपण ज्या शिडीनं इथवर आलो ती मुलांच्या हातून काढून घेतली जातेय याची. चौथीतल्या मुलाला निवडून वेगळं बसवणं अतीच लवकर आहे, हे आम्हालाही पटतं. पण पुढे नेल्यानं मूल कोमेजतं, हा दावा पुराव्यापुढे टिकत नाही. ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला सुरू केलेल्या अभ्यासातल्या, बारा-तेरा वर्षांचे असताना निवडलेल्या मुलांचा माग पुढे व्हँडरबिल्टच्या संशोधकांनी पन्नाशीपर्यंत ठेवला. लवकर पुढे नेल्यामुळे त्यांच्या मनःस्वास्थ्याला धक्का बसल्याचं २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं नाही. टेरेन्स टाओ दहा वर्षांचा असताना आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. त्याला त्या वर्षी वयाप्रमाणे पाचवीत बसवून ठेवलं असतं तर त्याचं बालपण जपलं गेलं असतं की वर्गशिक्षकांचं पित्त खवळलं असतं, हा खुला प्रश्न आहे. अर्थात प्रत्येक पालकाला आपल्या घरी टाओ आहे असं वाटतं, आणि चाचणी लागते ती त्याचसाठी. तिचं निम्मं काम पोरांना पुढे नेण्याचं असतं आणि निम्मं पालकांना थांबवण्याचं.

उरला तिसरा आक्षेप, आणि तो गणितवाल्यांचाच आहे. मुळात एवढी घाई कशाला? अमेरिकेतल्या गणित शिक्षकांची आणि गणितज्ञांची, अशा दोन मोठ्या संघटनांनी २०१२ मध्ये संयुक्त पत्रक काढून सांगितलं की शालेय गणिताचं अंतिम ध्येय बारावीत कॅल्क्युलस गाठणं हे नाही. त्यांना ते सांगायचं कारण होतं. तिथल्या कॉलेजांत पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसच्या वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ते शाळेत एकदा केलेलं असतं. तिसरीपासून धावून जो विषय एक वर्ष आधी गाठला, तोच एक वर्षानंतर फी भरून पुन्हा करायचा. हे ऐकून पालक थांबतील अशी आशा नाही, कारण कॅल्क्युलस अर्जावर हवं असतं, डोक्यात नंतर. पण या आक्षेपानंही मूळ मुद्दा हलत नाही. कॅल्क्युलस कधी यावं हा वेगळा वाद. ज्या बारा वर्षांच्या मुलीला सातवीचं गणित येऊन चुकलंय तिनं पूर्ण वर्षभर तेच पुन्हा करत वहीच्या समासात फुलं काढावीत का, एवढाच इथे प्रश्न आहे. ज्यांना खरोखरच घाई नको असेल, त्यांची सोय टेक्ससच्या कायद्यात आहे. त्यांनी सही करून लेखी कळवायचं, आमच्या मुलाला गुण मिळालेत, तरी त्याला पुढच्या वर्गात बसवू नका. ते पत्र लिहिणारा मराठी बाप डॅलसमध्ये कुणाला भेटला, तर त्याचा मंडळात सत्कार करायला हरकत नाही. फक्त सत्काराचं कारण बायकोसमोर वाचून दाखवू नये.